उपासना, उपवास आणि आहार: सीमाभागातील ख्रिस्ती कुटुंबांनी शरीराची निगा कशी राखावी

आहार सुधारायचा आणि व्यायाम सुरू करायचा असे ठरवणारी माणसे बहुधा १ जानेवारीचा मुहूर्त धरतात. ख्रिस्ती घरात मात्र त्या दिवशी नाताळच्या करंज्यांचे आणि केकचे डबे अजून रिकामे झालेले नसतात, पाहुणे घरात असतात आणि संकल्प चार दिवसांत विरून जातो. त्यापेक्षा जे वळण आपल्या घराला आधीपासूनच आहे, म्हणजे जेवणापूर्वीची प्रार्थना, रविवारची उपासना, ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, मंडळीची प्रीतिभोजने आणि आजाऱ्यांच्या घरभेटी, त्यालाच शरीराची निगा जोडून घेणे अधिक टिकाऊ ठरते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना, ती मेथडिस्ट असोत, कॅथलिक असोत वा एखाद्या स्वतंत्र मंडळीची, हे कसे करता येईल ते येथे सांगितले आहे.

आधी शास्त्राधार स्पष्ट असावा, कारण या विषयावर वचने अर्धवट वापरली जातात. तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे प्रेषित पौलाचे म्हणणे (१ करिंथ ६:१९) तंबाखू आणि दारूविरुद्धच्या प्रवचनांत हमखास ऐकू येते. मूळ उताऱ्यात पौल व्यभिचाराविषयी बोलत आहे, आहाराविषयी नाही. तरीही त्याने दिलेले कारण, की तुम्ही स्वतःचे नाही, मोल देऊन विकत घेतलेले आहात, हे जेवणाच्या ताटालाही लागू पडते. शरीर आपल्या मालकीचे नसून आपण त्याचे कारभारी आहोत, एवढे पटले की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात. दुसऱ्या बाजूला, शारीरिक कसरत थोडक्याच बाबतीत उपयोगी आहे (१ तीमथ्य ४:८), हे वचन आळसाला पांघरूण म्हणून वापरणारेही आपल्या मंडळ्यांत कमी नाहीत. पौल तेथे कसरतीचा उपयोग मान्यच करतो आणि सुभक्तीला तिच्याहून वरचे स्थान देतो, इतकेच. शिवाय ‘हे शिवू नको, ते चाखू नको’ अशा नियमांना देवभक्ती समजू नका, असा इशारा कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहेच. म्हणून जो आपल्या पथ्याचा अभिमान मिरवतो आणि प्रीतिभोजनात दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून तोंड वाकडे करतो, त्याचे वजन घटले तरी हेतू फसला असे समजावे.

तपासणी पहिली, पथ्य नंतर

आहारात काहीही बदल करण्यापूर्वी तीन गोष्टी मोजून घ्याव्यात: रक्तदाब, उपाशीपोटीची रक्तशर्करा आणि कमरेचा घेर. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असेल तर ठीक, १०० ते १२५ असेल तर मधुमेहाचा उंबरठा आणि १२६ किंवा अधिक असेल तर पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. हातपाय किडकिडीत आणि पोट सुटलेले, अशा आपल्याकडच्या नेहमीच्या बांध्यात वजनकाट्यापेक्षा ही मापपट्टी अधिक खरे बोलते. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील लोकांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी होते आणि त्यासाठी गावातील आशा कार्यकर्तीकडे विचारणा केली तरी पुरते. आरोग्य केंद्रातील पत्रके कन्नडमध्ये असतात आणि घरातील वडीलधाऱ्यांना ती वाचता येत नाहीत, ही अडचण खरी आहे; पण मंडळीतील कन्नड शाळेत शिकलेली मुले-मुली ती वाचून दाखवू शकतात आणि तरुण संघाला करण्याजोगे हे अत्यंत उपयुक्त काम आहे.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. प्रार्थनासभेत आपल्यासाठी प्रार्थना झाली म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी बंद करू नये. गोळी घेणे हा अविश्वास आहे असे शिकवणारे उपदेशक आपल्या भागात फिरतात, आणि त्यांचे ऐकून औषध सोडलेल्यांना पक्षाघात किंवा हृदयविकार गाठू शकतो. हिज्कीया राजा आजारी असताना देवाने त्याची प्रार्थना ऐकली आणि तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले (२ राजे २०:७). पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्य होता. आपल्याच शेजारी, मिरजेत, मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले, तेव्हा सुवार्ता आणि शस्त्रक्रिया एकाच मिशनने एकाच आवारात आणली. अथणी-रायबागकडची माणसे उपचारासाठी मिरजेची वाट धरतात, त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांनीच औषधाला अविश्वास म्हणावे, हे विपरीत आहे. डॉक्टरांनी मात्रा कमी केली तर आनंदाने उपकारस्तुती करावी; स्वतः होऊन कमी करू नये.

ताट

ख्रिस्ती माणसाला अमुक अन्न निषिद्ध असे नाही. बाजारात विकले जाते ते खा, असे पौल सांगतो (१ करिंथ १०:२५), त्यामुळे आपला प्रश्न शुद्ध-अशुद्धाचा नसून प्रमाणाचा आहे. जेवणापूर्वी प्रार्थना करण्याची रीत आपल्याकडे सर्व घरांत आहे, पण ती बहुधा ताट शिगोशीग वाढून झाल्यावर आणि घाईघाईने होते. प्रार्थना आधी करावी आणि मग वाढून घ्यावे, एवढा क्रम बदलला तरी हात आवरतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारासाठी जे प्रमाण सुचवले आहे त्यात धान्य सुमारे २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा मांस-अंडी ८५ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर धरले आहे. या आकड्यांशी आपले नेहमीचे जेवण ताडून पाहिले तर चूक लगेच दिसते. खानापूर आणि पश्चिम बेळगावाच्या भातपट्ट्यात धान्यच दिवसाला ४००-५०० ग्रॅमपर्यंत जाते आणि भाजी मात्र वाटीभर, तीही बटाट्याची असते. यावर उपाय भात सोडणे हा नसून भाताचा एक वाढा कमी करून त्या जागी मटकी, मसूर किंवा हुलग्याची आमटी आणि एक पालेभाजी आणणे हा आहे. बेळगावच्या भाजीबाजारातून गाजर, बीट, कोबी आणि वालाच्या शेंगा थेट गोव्यापर्यंत जातात. मेथी, शेपू, अंबाडी आपल्याकडे मुबलक असते. मग भाजी महाग आहे ही सबब निदान हिवाळ्यात तरी चालू नये. पूर्वेकडच्या तालुक्यांत ज्वारीची भाकरी अजून टिकून आहे, तिला सोडून मैद्याच्या पावाकडे वळण्यात कोणतेही मोठेपण नाही. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून वयस्कर स्त्रियांनी सकाळच्या चहाबरोबर खारी-बिस्किटे खाण्याऐवजी ताक घातलेली आंबील घेणे केव्हाही हिताचे.

साखर आणि मीठ यांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत असावी. दोन चमचे साखर घातलेल्या एका कप चहात ८ ते १० ग्रॅम साखर जाते, म्हणजे तीन कपांत दिवसाची मर्यादा भरली. घरभेटीला जाणाऱ्या पाळकसाहेबांची आणि सिस्टरांची अवस्था यावरून लक्षात यावी, कारण प्रत्येक घरी चहा नाकारला तर माणसे रागावतात. त्यांना कोरा, बिनसाखरेचा चहा किंवा नुसते पाणी देणे हा पाहुणचारातला उणेपणा मानू नये. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचाभर, पुरेसे असते. सुकी मासळी, लोणचे, पापड आणि सॉसेज ज्या घरात रोजचे असतात तेथे ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते. सुकी मासळी अर्धा तास पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि नंतर कालवणात वेगळे मीठ घालू नये. मटण वा डुकराचे मांस रविवारपुरते ठेवावे, त्यावरची चरबी काढून टाकावी आणि त्याच ताटात कांदा-काकडीची कोशिंबीर भरपूर घ्यावी.

उपवासकाळ

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचा काळ शरीराला शिस्त लावण्यासाठी सर्वांत उत्तम आहे, आणि सर्वांत जास्त गोंधळही याच काळात होतो. कॅथलिक मंडळींचा नियम स्पष्ट आहे: राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) १८ ते ५९ वर्षांच्या निरोगी माणसाने एकच पूर्ण जेवण घ्यावे, शिवाय दोन वेळा थोडेसे खाता येते, मात्र ते दोन्ही मिळून एका पूर्ण जेवणाएवढे होऊ नये, १४ वर्षांपुढील सर्वांनी त्या दोन दिवशी आणि उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करावे. आजारी आणि गरोदर यांना सवलत आहे आणि ती निःसंकोच घ्यावी. प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा एकसारखा नियम नसल्यामुळे उत्साही माणसे चाळीस दिवस दुपारपर्यंत पाणीही न पिण्यासारखे कडक व्रत घेतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात, विशेषतः रायबाग-अथणीकडे शेतात काम करणाऱ्याने पाणी तोडणे म्हणजे मूत्रपिंडांवर विनाकारण भार टाकणे होय. उपवास अन्नाचा करावा, पाण्याचा करू नये.

मधुमेह असणाऱ्यांनी उपवासकाळ सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि गोळीची वेळ व मात्रा बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच असतो. अंगाला कापरे भरणे, दरदरून घाम येणे, छातीत धडधडणे, बोलणे अडखळणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. साखर ७० च्या खाली गेली किंवा अशी लक्षणे दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि तो दिवस उपवास सोडून द्यावा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्याला तात्काळ रुग्णालयात न्यावे. उपासना अर्धी टाकून साखरेचे पाणी प्यायला बाहेर आल्याने देवाचा अवमान होत नाही.

शेजाऱ्यांच्या एकादशीचा प्रभाव आपल्या स्वयंपाकघरावर पडलेला आहे. उत्तम शुक्रवारी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचे लाडू करणारी ख्रिस्ती घरे बेळगावात सहज आढळतात. त्यात गैर काही नाही, परंतु तुपातला साबुदाणा हे साध्या भाकरी-भाजीपेक्षा जड अन्न आहे आणि तो खाऊन उपवास केल्याचे समाधान मिळाले तरी शरीराला विसावा मिळत नाही. ‘दानीएलाचा उपवास’ म्हणून वजन उतरवण्याचे जे तक्ते मोबाइलवर फिरतात त्यांचीही तीच गत आहे. दानीएल आणि त्याचे सोबती दहा दिवस शाकान्न आणि पाण्यावर राहिले ते राजाच्या पक्वान्नांनी आपण विटाळू नये म्हणून, आणि दहा दिवसांनंतर ते इतरांहून अधिक पुष्ट दिसले असे शास्त्र सांगते; वजन घटवू पाहणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात घ्यावा.

यशयाच्या ५८ व्या अध्यायातला उपवास भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याचा आहे. म्हणून या काळात मांस आणि मिठाईवरचे जे पैसे वाचतील ते वेगळ्या डब्यात टाकावेत आणि त्यातून मंडळीतल्या एखाद्या क्षयरुग्णाला किंवा एकट्या वृद्धाला अंडी, डाळ, शेंगदाणे पोहोचवावेत. तंबाखू सोडण्यासाठीही हे आठवडे चांगले. निपाणीच्या परिसरात तंबाखू हे शेतकऱ्याचे पीक आणि विडी कामगार स्त्रीचा घरखर्च असल्यामुळे तिच्याविषयी बोलणे अवघड जाते, पण पीक घेणे निराळे आणि गालात धरणे निराळे. सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. त्या दिवसांत लवंग किंवा बडीशेप जवळ ठेवावी, मंडळीतल्या एका माणसाला रोज भेटण्याचे ठरवावे आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत सेवेवर समुपदेशकाशी बोलावे.

व्यायाम

प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीने चालावे आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मध्यम गती म्हणजे चालता चालता बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतकी. पाच दिवस अर्धा तास चालले की हिशेब पुरा होतो. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचे झाडीचे आवार आहे, कॅम्पातले रस्ते सावलीचे आहेत आणि खेड्यात शिवारापर्यंत जाऊन येता येते. चर्च दोन किलोमीटरच्या आत असेल तर रविवारी गाडी न काढता सहकुटुंब पायी जावे. जून ते सप्टेंबर मात्र बेळगावचा पाऊस, आणि खानापूर-जांबोटीकडचा तर विशेषच, फिरायला जाऊ देत नाही. त्या चार महिन्यांसाठी मंडळीच्या सभागृहात आठवड्यातून तीन संध्याकाळी एकत्र व्यायाम करण्याची सोय पाळकांच्या संमतीने करून घ्यावी. वृद्धांसाठी हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, मध्यमवयीनांसाठी बैठका आणि भिंतीला हात टेकून काढलेले जोर, तरुणांसाठी जोर-बैठका आणि दोरीवरच्या उड्या, इतके पुष्कळ झाले. दिवसभर भाताच्या खाचरात वाकून लावणी करणाऱ्या स्त्रीला संध्याकाळी चालायला जा असे सांगणे मात्र अन्यायाचे आहे. तिला पाठ ताणण्याचे व्यायाम, पुरेसे प्रथिन आणि लवकर झोप यांची गरज असते.

बेळगावला कुस्तीची मोठी परंपरा आहे आणि आपली काही मुले तालमीत जाऊ इच्छितात. तेथील मारुतीच्या मूर्तीमुळे पालक कचरतात. योगासनांबाबतही हाच संकोच असतो. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात ज्याने त्याने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी आणि दुसऱ्याला दोष लावू नये असे म्हटले आहे, आणि माझ्या मते हा प्रश्न त्याच रीतीने सोडवला पाहिजे. वस्तादांना आदराने आपली श्रद्धा सांगितली, आखाड्याची शिस्त पाळली आणि पूजेच्या वेळी बाजूला उभे राहिले, तर समजूतदार वस्ताद बहुधा आडकाठी करत नाहीत. ज्याचे मन तरीही मानत नाही त्याने घरी जोर काढावेत. स्नायूंना फरक कळत नाही. पौलाला खेळाडूंचे उदाहरण देण्यात संकोच वाटला नाही, वास्तविक करिंथजवळचे इस्थमियन खेळ पोसायडन देवाच्या सन्मानार्थ भरत असत.

रविवार आणि प्रीतिभोजन

निराश होऊन मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने प्रथम उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले (१ राजे १९). झोप ही शरीराच्या निगेतली सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. रोज सात तास झोप हवी आणि शनिवारी रात्री मोबाइल बाजूला ठेवून लवकर निजले तर रविवारच्या प्रवचनात डुलकी लागत नाही. पण रविवारचा विसावा घरातल्या बाईला मिळतो का, हे पुरुषांनी स्वतःला विचारावे. उपासनेहून आल्याबरोबर तिने मटणाचे वाटण घ्यायचे आणि बाकीच्यांनी जेवून आडवे व्हायचे, हा शब्बाथ नव्हे. वाटण शनिवारी करून ठेवावे, भांडी मुलग्यांनी घासावीत आणि ऊन उतरल्यावर सगळ्यांनी मिळून फिरायला जावे.

प्रीतिभोजनाची यादी महिला मंडळ ठरवते, म्हणून बदलही तेथूनच व्हावा. बिर्याणी राहू द्यावी, परंतु तिच्याबरोबर एक उसळ आणि एक मोठी कोशिंबीर ठेवावी, शीतपेयांऐवजी ताक किंवा कोकम सरबत द्यावे, चहात साखर न घालता ती बाजूला ठेवावी आणि कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) वाटीने न देता चमच्याने द्यावा. करिंथच्या मंडळीत एक भुकेला राही आणि दुसरा मस्त होई, म्हणून पौलाने त्यांना खडसावले होते. आपल्याकडे मधुमेही माणसाला खाण्याजोगे काहीच नसेल तर तोही एका अर्थी उपाशीच परततो.

मंडळीने मिळून एक चांगले, दंडावर बांधायचे रक्तदाब यंत्र घ्यावे आणि महिन्यातल्या एका रविवारी उपासनेनंतर मोजणी ठेवावी. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि तंबाखू घेऊ नये, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पाय जमिनीवर टेकलेले असावेत, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवावा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहावी. दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा अधिक आले तर डॉक्टरांकडे पाठवावे. १८०/१२० च्या वर आले आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजल्यावरही तितकेच राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि छातीत दुखणे, धाप लागणे किंवा तोंड वाकडे होणे अशी लक्षणे असतील तर क्षणाचाही विलंब करू नये. नोंदवही एकाच विश्वासू व्यक्तीकडे, शक्यतो मंडळीतील परिचारिकेकडे, असावी. प्रार्थना विनंत्या वाचताना कोणाचे आकडे वा आजाराचे नाव त्याला विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण एकदा नाव उच्चारले गेले की तो माणूस पुढच्या महिन्यात मोजायला येत नाही.